संस्थेत क्लाउडवरचे प्रकल्प-व्यवस्थापन सॉफ्टवेअर रुजवताना

लोअर परळमधील एका जुन्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतीत आम्ही एका कार्यालयाच्या अंतर्गत सजावटीचे काम करत होतो, तेव्हा नुकतेच बंद केलेले फॉल्स सीलिंग आम्हाला पुन्हा उघडावे लागले. स्प्रिंकलरच्या पाइपांची प्रेशर टेस्ट होऊन सल्लागाराची सही मिळेपर्यंत छत बंद करू नये, हा निरोप आदल्या रात्री पावणेदहाला व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर आला होता. त्यानंतर त्याच ग्रुपवर टाइल्सचे फोटो आले, दुसऱ्या दिवशीच्या गेटपासची यादी आली, एका सहकाऱ्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या गेल्या आणि निरोप वर सरकत गेला. सकाळी सुपरवायझर साइटवर पोहोचेपर्यंत जिप्समचे बोर्ड चढू लागले होते. दोन दिवसांनी टेस्ट घेतली तेव्हा एका जोडातून पाणी झिरपले आणि बोर्ड, मजुरी व हातातले तीन दिवस असे सगळेच वाया गेले. त्या साइटवरचा प्रत्येक जण मन लावून काम करत होता, म्हणून ती गोष्ट मला अधिकच लागली.

त्यानंतर आमच्या कंपनीत आणि पुढे ओळखीतल्या आणखी दोन संस्थांमध्ये क्लाउडवरचे प्रकल्प-व्यवस्थापन सॉफ्टवेअर सुरू करण्याचे काम माझ्याकडे आले. सॉफ्टवेअर विकत घेणे हा त्यातला सर्वांत सोपा भाग असतो. कोणते काम कोणाकडे आहे, ते कधीपर्यंत व्हायचे आहे आणि सध्या कुठवर आले आहे, या प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी सापडले पाहिजे आणि वरिष्ठांनीही ते तिथेच शोधले पाहिजे. एवढी एक सवय संस्थेला लागली तर साधेसे सॉफ्टवेअरही पुरते. ती लागली नाही तर महागातले महाग सॉफ्टवेअर तीन महिन्यांत ओस पडते. पुढील सूचना ही सवय कशी लावावी यासाठीच आहेत.

सुरुवात वहीपासून

पहिले पंधरा दिवस कोणतेही सॉफ्टवेअर पाहू नये. त्याऐवजी खरेदी, हिशेब, ड्रॉइंग आणि साइट अशा प्रत्येक विभागातल्या एकेका व्यक्तीला साधी वही द्यावी आणि “त्याचं काय झालं?” असे कोणीही विचारले की एक ओळ लिहायला सांगावी: कोणी विचारले, कशाबद्दल विचारले, उत्तर कुठे सापडले आणि त्याला किती वेळ लागला. हे काम कंटाळवाणे आहे, परंतु संस्थेची खरी गरज याच ओळींतून कळते. आमच्या वह्यांमध्ये बहुतेक प्रश्न तीनच गोष्टींभोवती फिरत होते: ड्रॉइंगची शेवटची सुधारित प्रत कोणती, माल साइटवर पोहोचला का, आणि मोजमाप तपासून आरए बिल (झालेल्या कामाचे टप्प्याटप्प्याने द्यायचे बिल) पुढे गेले का. गिरगावातल्या एका छापखान्यात हीच वही ठेवली तेव्हा प्रूफ कोणी मंजूर केले आणि कागद कधी येणार, हे प्रश्न वर आले. दोन्ही ठिकाणी मालकांची आधीची अपेक्षा निराळी होती. त्यांना प्रत्येक माणसाचे तास मोजणारी व्यवस्था हवी होती आणि वहीतल्या एकाही ओळीत तासांचा उल्लेख नव्हता.

या वहीवरून सुरुवातीला जास्तीत जास्त दोन प्रश्न निवडावेत आणि सॉफ्टवेअरने आधी तेच सोडवावेत, असे लेखी ठरवावे. हजेरी, पगार, हिशेब आणि ग्राहकांशी होणारा पत्रव्यवहार हे सगळे एकाच वेळी एका व्यवस्थेत आणण्याचा मोह टाळावा. हिशेबाचे काम हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्येच राहू द्यावे.

क्लाउड कशासाठी, असा प्रश्न काही संस्थाचालक विचारतात आणि तो रास्त आहे. क्लाउडवरच्या सॉफ्टवेअरमध्ये आपली माहिती पुरवठादाराच्या डेटा सेंटरमध्ये राहते आणि ती ब्राउझरमधून किंवा मोबाइलवरून उघडता येते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तळमजल्यावरच्या कार्यालयांमधले संगणक आणि कागदपत्रे पाण्यात गेली, हे ज्यांनी पाहिले त्यांना वेगळे सांगण्याची गरज नाही. 12 ऑक्टोबर 2020 रोजी मुंबईची वीज काही तास गेली, तेव्हाही ज्यांचे काम कार्यालयातल्या एका सर्व्हरवर अवलंबून होते त्यांना हातावर हात ठेवून बसावे लागले. अर्थात क्लाउडलाही इंटरनेट लागते आणि इमारतीच्या दुसऱ्या तळघरात मोबाइलची रेंज नसते, याचा विचार निवड करतानाच केला पाहिजे.

निवड करताना काय तपासावे

या सॉफ्टवेअरमध्ये काम दाखवण्याच्या दोन मुख्य पद्धती असतात. पहिली बोर्डाची: रकाने आणि त्यांत पुढे सरकणारी कार्डे, एका कामाचे एक कार्ड. तिचे मूळ जपानमधील टोयोटा कंपनीच्या कानबान पद्धतीत आहे. दुसरी गँट चार्टची, म्हणजे तारखांच्या पट्टीवर आडव्या रेघांनी दाखवलेली कामे. हेन्री गँट या अमेरिकन अभियंत्याने ही पद्धत विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रूढ केली. ज्या कामांचा क्रम फारसा महत्त्वाचा नसतो तिथे बोर्ड पुरतो. एक काम झाल्याशिवाय दुसरे सुरूच करता येत नसेल, तर गँट चार्ट आणि कामांमधील अवलंबित्व दाखवण्याची सोय हवीच. आमच्या व्यवसायात वायरिंग, एसीचे डक्टिंग, स्प्रिंकलर, त्याची टेस्ट आणि मग छत ही साखळी मोडता येत नाही, म्हणून आम्हाला दोन्ही लागतात.

ट्रेलो हे सॉफ्टवेअर 2011 मध्ये आले आणि बोर्डासाठी ते शिकायला सोपे आहे. जिरा मुळात सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या गटांसाठी होते, त्यामुळे त्याची ताकद मोठी असली तरी सजावट किंवा छपाईच्या कामाला त्याची परिभाषा जड जाते. आसनामध्ये यादी, बोर्ड आणि तारखांची पट्टी अशी वेगवेगळी रूपे आहेत. झोहो प्रोजेक्ट्स हे भारतीय कंपनीचे आहे आणि झोहोची डेटा सेंटर्स मुंबईत व चेन्नईत आहेत. संस्थेत मायक्रोसॉफ्ट 365 चे वर्गणीचे खाते आधीपासून असेल, तर त्याच्या अनेक योजनांमध्ये प्लॅनर असतोच. नवीन काही घेण्यापूर्वी तो उघडून पाहावा. माझे मत असे की या सर्वांमधला फरक विक्रेते सांगतात तेवढा निर्णायक नसतो. आपल्या माणसांच्या हातात ते कसे चालते, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे.

त्यासाठी मोफत चाचणीचे दिवस कार्यालयातल्या मोठ्या पडद्यावर घालवू नयेत. आपल्या माणसांपैकी ज्याच्याकडे सर्वांत साधा अँड्रॉइड फोन आहे त्याच्या फोनवर अ‍ॅप टाकून, साइटवर उभे राहून, एका हातात टेप असताना कार्ड उघडते का, फोटो चढतो का आणि रेंज गेल्यावर लिहिलेले रेंज आल्यावर आपोआप जाते का, हे पाहावे. बाहेरच्या कंत्राटदाराला किंवा सल्लागाराला पाहुणा म्हणून फक्त त्याच्यापुरती कार्डे दाखवता येतात का आणि त्याचे वेगळे पैसे लागतात का, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.

मराठीची तपासणी स्वतंत्रपणे करावी, कारण विक्रेता ती कधीच करून दाखवत नाही. देवनागरीत लिहिलेले कार्ड पीडीएफमध्ये काढल्यावर जोडाक्षरे शाबूत राहतात का, हे पाहावे. मग शोध करून पाहावा. एकाने “फिनिशिंग” लिहिले आणि दुसऱ्याने “फिनीशिंग” लिहिले, तर ऱ्हस्व-दीर्घाच्या एका वेलांटीमुळे शोधात एक कार्ड सापडते आणि दुसरे राहून जाते. आमच्याकडे “सिलिंग”, “सीलिंग” आणि “सिलींग” अशी तीन रूपे महिनाभर एकत्र नांदत होती. यावर उपाय असा की कामाचा प्रकार, मजला आणि विभाग या गोष्टी हाताने लिहू न देता आधीच ठरवलेल्या लेबलांच्या यादीतून निवडायला लावाव्यात आणि शोध त्या लेबलांवरच करावा.

खर्चाचा हिशेब

बहुतेक सॉफ्टवेअरचा दर दरमहा माणशी असतो आणि वर्षाचे पैसे एकदम भरल्यास तो स्वस्त पडतो. समजा दर महिन्याला माणशी 600 रुपये असा आहे आणि माणसे 35 आहेत, तर वर्षाचे 2,52,000 रुपये होतात, त्यावर 18 टक्के जीएसटी 45,360 रुपये, म्हणजे एकूण 2,97,360 रुपये. ही आकडेमोड संचालकांसमोर पहिल्याच दिवशी ठेवावी. पुरवठादार परदेशातला असेल आणि बिल डॉलरमध्ये येत असेल, तर विनिमयाच्या दराबरोबर खर्च हलतो आणि जीएसटी नोंदणी असलेल्या संस्थेला रिव्हर्स चार्जने तो कर स्वतः भरावा लागतो. त्याचे इनपुट क्रेडिट कसे घ्यायचे, हे आपल्या सीएंना आधीच विचारावे. आणखी एक व्यवहारातली अडचण अशी की रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार डेबिट किंवा क्रेडिट कार्डावरून आपोआप जाणाऱ्या 15,000 रुपयांपेक्षा मोठ्या मासिक हप्त्याला दर वेळी वेगळी मंजुरी लागते. ज्यांच्या फोनवर ओटीपी येतो ते गावी गेलेले असले की हप्ता अडकतो आणि खाते बंद पडण्याची सूचना येते. म्हणून शक्य असेल तिथे रुपयांतले वार्षिक बिल घ्यावे.

या हिशेबात न दिसणारा खर्च म्हणजे एका जबाबदार व्यक्तीचा वेळ. पहिले तीन महिने रोज अर्धा दिवस या कामासाठी मोकळा असलेला माणूस संस्थेतलाच हवा, कामाची खडान्खडा माहिती असलेला हवा आणि तो संगणक विभागातला असण्याची गरज नाही. आमच्याकडे हे काम खरेदी विभागातल्या एका ताईंनी सांभाळले. त्यांना प्रत्येक व्हेंडर आणि प्रत्येक सुपरवायझर नावाने ओळखत होता आणि त्यांचा शब्द मानत होता.

सुरक्षितता आणि कायदा

आधी खात्याच्या मालकीचे पाहावे. मला माहीत असलेल्या एका संस्थेत उत्साही सहकाऱ्याने स्वतःच्या खाजगी ईमेलवर खाते उघडले होते. ते नोकरी सोडून गेल्यावर संस्थेलाच आपल्या माहितीचा ताबा मिळवण्यासाठी अनेक दिवस पत्रव्यवहार करावा लागला. खाते संस्थेच्या ईमेलवरच उघडावे, अ‍ॅडमिन दोन असावेत, सर्वांना दोन टप्प्यांची ओळखपडताळणी सक्तीची करावी आणि कोणी नोकरी सोडली तर त्याच दिवशी त्याचा प्रवेश बंद करावा. शेवटच्या दिवशी चाव्या आणि ओळखपत्र परत घेण्याच्या यादीतच ही ओळ टाकली, तर ती विसरली जात नाही.

मुंबईतल्या मोठ्या इमारतींमध्ये कामगारांच्या गेटपाससाठी आधारची प्रत मागतात आणि सोयीचे म्हणून त्या प्रतींचे फोटो कार्डाला जोडले जातात. ही सवय पहिल्याच आठवड्यात मोडावी. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार लोकांची वैयक्तिक माहिती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी ती गोळा करणाऱ्या संस्थेवर आहे आणि सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ज्या सुताराच्या किंवा रंगाऱ्याच्या आधारची प्रत आपण तीस-पस्तीस जणांना दिसेल अशी ठेवतो, त्याला याची कल्पनाही नसते. कायदा बाजूला ठेवला तरी हे योग्य नाही. जिथे चालते तिथे फक्त शेवटचे चार आकडे दाखवणारा मास्क्ड आधार घ्यावा, तो गेटपासचे काम पाहणाऱ्या एकाच व्यक्तीकडे ठेवावा आणि काम संपल्यावर काढून टाकावा. तसेच सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने एप्रिल 2022 मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार, माहिती चोरीला जाणे किंवा खात्यात कोणी शिरणे अशा घटना लक्षात आल्यापासून 6 तासांच्या आत त्यांना कळवाव्या लागतात. ही जबाबदारी कोणाची, ते नाव आधीच लिहून ठेवावे.

मांडणी: कार्ड कसे लिहावे

सर्वांना आमंत्रण पाठवण्यापूर्वी खात्यातली तारखेची पद्धत, भारतीय वेळ आणि कामाचे दिवस ठरवून घ्यावेत. खाते अमेरिकन पद्धतीवर राहिले आणि कोणी 4/7 असे लिहिले, तर माल 4 जुलैला येणार की 7 एप्रिलला, यावर वाद होतो. शनिवारी काम असेल तर तसे नोंदवावे. गणेशोत्सव, दिवाळी आणि आपल्या कारागिरांच्या गावी जाण्याच्या सुट्ट्या आधीच कॅलेंडरमध्ये भराव्यात. ज्या इमारतींमध्ये अवजड माल फक्त रात्रीच गुड्स लिफ्टने वर नेऊ देतात, तिथे लिफ्टची परवानगी हे स्वतंत्र कार्डच करावे, कारण त्या एका कागदासाठी सगळा माल गेटवर उभा राहतो.

बोर्डावर आम्ही पाचच रकाने ठेवले: करायचे, चालू, अडले, तपासणीला आणि झाले. यापेक्षा जास्त रकाने काढले की लोक कार्ड कुठे ठेवायचे याचाच विचार करत बसतात. खरी मेहनत कार्डाच्या शब्दांवर घ्यावी. आमच्या पहिल्या बोर्डावर एका कार्डाचे शीर्षक नुसते “सीलिंग” असे होते. त्यावरून काय करायचे हे कोणालाही कळत नव्हते आणि ते कधी झाले म्हणायचे, हेही कळत नव्हते. ते आम्ही असे बदलले: “6 वा मजला, पूर्व बाजू : स्प्रिंकलरची प्रेशर टेस्ट करून सल्लागाराची सही घेणे”. खाली एकाच सुपरवायझरचे नाव, एक तारीख, ड्रॉइंगची चालू प्रत आणि “सही केलेल्या टेस्ट रिपोर्टचा फोटो जोडल्याशिवाय हे कार्ड झाले समजू नये” अशी एक ओळ. सीलिंग बंद करण्याचे कार्ड यावर अवलंबून ठेवले. क्रियापद, जागा, एक माणूस, एक तारीख आणि पूर्णत्वाची खूण, एवढे प्रत्येक कार्डात असावे. दोघांची नावे एका कार्डावर टाकली की प्रत्येकाला वाटते, दुसरा पाहतो आहे. म्हणून मदतनीस कितीही असोत, जबाबदार नाव एकच लिहावे.

पाच रकान्यांपैकी “अडले” हा मला सर्वांत मोलाचा वाटतो आणि तोच रिकामा राहतो. आपल्याकडे काम अडले असे वरिष्ठांना सांगणे म्हणजे आपली चूक कबूल करणे, असा समज खोलवर आहे. त्यामुळे लोक कार्ड “चालू” मध्येच ठेवतात आणि शेवटच्या दिवशी फोन करतात. हे बदलायचे असेल तर एक नियम करावा आणि तो कसोशीने पाळावा: जो कोणी कार्ड “अडले” मध्ये नेईल आणि एका वाक्यात कारण लिहील, त्याला त्याच संध्याकाळपर्यंत वरिष्ठांचे उत्तर मिळेल आणि त्या उत्तरात खडसावणे नसेल. आमच्या एका सुपरवायझरने पहिल्यांदा असे कार्ड नेले, तेव्हा कारण होते की दाराच्या बिजागऱ्यांचा नमुना आर्किटेक्टच्या टेबलावर आठ दिवस पडून आहे. मालकांनी त्याच कार्डावर आर्किटेक्टला उद्देशून दोन ओळी लिहिल्या आणि दुसऱ्या दिवशी नमुना मंजूर झाला. त्या आठवड्यात “अडले” रकान्यात आणखी पाच कार्डे आली. ती सगळी कामे आधीही अडलेलीच होती, आम्हाला ती दिसत नव्हती एवढेच.

जुनी माहिती आणताना

जुन्या एक्सेल शीट्स जशाच्या तशा आत ओतू नयेत. चालू कामे आणि पुढच्या तीन महिन्यांत सुरू होणारी कामे एवढीच आणावीत; बाकीचे जिथे आहे तिथे केवळ वाचण्यासाठी कुलूपबंद करून ठेवावे. मराठी मजकुराच्या बाबतीत इथे दोन अडचणी येतात. पहिली, श्रीलिपी किंवा कृतिदेव यांच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर नव्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवला की अर्थहीन इंग्रजी अक्षरे दिसतात. छापखान्यातल्या जवळजवळ सगळ्या जुन्या नोंदी अशाच होत्या आणि त्या आधी युनिकोडमध्ये बदलून, मग एका माणसाने वाचून दुरुस्त कराव्या लागल्या. दुसरी, बाहेर काढलेली सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये थेट दोनदा क्लिक करून उघडली तर देवनागरी बिघडलेली दिसू शकते. ती डेटा या टॅबमधून आयात करावी आणि यूटीएफ-8 हा पर्याय निवडावा. हे माहीत नसल्यामुळे माहिती खराब झाली असे समजून लोक घाबरतात.

प्रयोग आणि शिकवणी

सुरुवात एकाच प्रकल्पावर, आठ-दहा माणसांसह करावी आणि ती सहा ते आठ आठवडे चालू द्यावी. प्रकल्प नवा असावा. अर्ध्यावर आलेले काम नव्या व्यवस्थेत टाकले की दोन्हीकडे नोंदी कराव्या लागतात आणि लोक वैतागतात. मार्च महिना आणि गणपतीच्या आधीचा आठवडा या दोन वेळा टाळाव्यात.

शिकवणी सभागृहात दोन तासांचे सादरीकरण करून होत नाही. साइटवर, चहाच्या सुट्टीनंतर वीस मिनिटे, तीन-चार जणांच्या घोळक्यात, प्रत्येकाच्या स्वतःच्या फोनवर आणि त्यांच्या बोलीत शिकवावे. पहिल्या दिवशी तीनच गोष्टी शिकवाव्यात: आपले कार्ड उघडणे, त्याला फोटो जोडणे आणि ते पुढच्या रकान्यात नेणे. आमच्याकडचे एक ज्येष्ठ सुतार मिस्त्री, ज्यांना सगळे काका म्हणतात, टाइप करायला तयार नव्हते. फोनच्या कीबोर्डवर मराठी निवडून माइकची खूण दाबायची आणि बोलायचे, हे त्यांना दाखवल्यावर त्यांनी पहिल्याच वाक्यात “पश्चिमेकडच्या दाराची चौकट तीन सूत वाकडी आहे” असे नोंदवले आणि पडद्यावर ते बरोबर उमटलेले पाहून पुन्हा एकदा वाचले. मग त्यांनी मला विचारले, “मी बोलीन हो, पण हे वाचणार कोण?”

त्यांच्या प्रश्नाला मी दुसऱ्या कोणाच्या वतीने उत्तर देऊ शकत नव्हतो. ते मालकांनीच द्यायला हवे होते.

वरिष्ठांनी करायच्या गोष्टी

मी मालकांकडे एकच गोष्ट मागितली. चार आठवडे कोणत्याही कामाची चौकशी फोनवर करू नये. कार्ड उघडावे आणि तिथेच विचारावे. काकांच्या नोंदीखाली त्यांनी त्याच संध्याकाळी “काका, उद्या दहाला येऊन बघतो” असे लिहिले. दुसऱ्या दिवशी ते आलेही. त्यानंतर काकांना पुन्हा काही समजवावे लागले नाही. वरिष्ठांनी फोन करून “ते कुठवर आलंय?” असे विचारले आणि खालच्या माणसाने फोनवरच उत्तर दिले, तर त्या क्षणी सगळ्यांना कळते की बोर्ड हे केवळ वरवरचे काम आहे. म्हणून सोमवारची बैठक बोर्ड पडद्यावर लावूनच घ्यावी, बैठकीसाठी वेगळा एक्सेल अहवाल मागू नये आणि कोणी आणला तरी तो नम्रपणे बाजूला ठेवावा. बैठकीचा क्रम “अडले”, मग “तपासणीला”, मग तारीख उलटलेली कार्डे असा ठेवला तर ती अर्ध्या तासात संपते. पूर्वी तिला दीड तास लागत असे.

व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप एकदम बंद करू नये, कारण अपघात, आग, पाणी साचणे अशा तातडीच्या निरोपांना त्याच्याइतके वेगवान दुसरे काही नाही. परंतु एक तारीख जाहीर करून त्या दिवसापासून ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिननेच लिहावे, अशी सेटिंग करावी. कामाचा निर्णय तोंडी, फोनवर किंवा जिन्यात उभ्याउभ्या झाला, तर तो ज्याने घेतला त्यानेच त्या दिवशी कार्डावर लिहावा. दुसऱ्याला “तू टाकून दे” असे सांगितले की निर्णयाचे शब्द बदलतात. कार्डावर नसलेल्या सूचनेनुसार काम झाले आणि ते मोडावे लागले तर त्याचा खर्च सूचना देणाऱ्याच्या विभागावर पडेल, असे आम्ही ठरवले होते. तशी वेळ एकदाच आली.

तीन महिन्यांनंतर

तीन महिन्यांनी तीच वही पुन्हा पंधरा दिवस लिहावी आणि सुरुवातीच्या वहीशेजारी ठेवून पाहावी. प्रश्न कुठे कमी झाले आणि कुठे तसेच राहिले, हे त्यावरून दिसते. सॉफ्टवेअरने काढलेल्या रंगीत आलेखांपेक्षा मी या वहीवर अधिक विश्वास ठेवतो. बोर्डावर चौदा दिवस हात न लागलेली कार्डे काढून, ती ज्यांच्या नावावर आहेत त्यांच्याशी बोलावे. काही कामे रद्द झालेली असतात आणि काहींची जबाबदारी चुकीच्या माणसाकडे गेलेली असते. कोणी किती कार्डे संपवली याची तुलना करून बक्षिसे किंवा ठपके देऊ नयेत. तसे झाले की लोक एका कामाची पाच कार्डे करतात आणि “अडले” रकाना पुन्हा रिकामा होतो. जे रकाने आणि जी माहिती कोणी भरत नाही, ती संकोच न करता काढून टाकावी.

बाहेर पडण्याची वाट

पुरवठादार 99.9 टक्के उपलब्धतेची हमी देतो, तेव्हाही महिन्याला सुमारे 43 मिनिटे सेवा बंद राहू शकते, आणि हमीत न बसणाऱ्या घटनाही घडतात. एप्रिल 2022 मध्ये जिरा आणि ट्रेलो चालवणाऱ्या अ‍ॅटलासियन या कंपनीच्या देखभालीच्या एका स्क्रिप्टमध्ये चूक झाली, सुमारे 775 ग्राहकांची खाती पुसली गेली आणि काहींना जवळजवळ दोन आठवडे आपली माहिती दिसली नाही. त्याच कंपनीने 15 फेब्रुवारी 2024 पासून ग्राहकाच्या स्वतःच्या सर्व्हरवर चालणाऱ्या सर्व्हर आवृत्त्यांना तांत्रिक साहाय्य देणे बंद केले. कंपनी चांगली असली तरी असे होऊ शकते. त्यामुळे करार करण्यापूर्वीच सगळी कार्डे, त्यांवरची चर्चा आणि जोडलेल्या फाइली बाहेर कशा काढता येतात, हे स्वतः करून पाहावे. पुष्कळ ठिकाणी कार्डांची यादी सहज निघते, परंतु जोडलेली ड्रॉइंग्ज आणि फोटो वेगळे काढावे लागतात.

आमच्याकडे प्रत्येक महिन्याच्या पहिल्या सोमवारी बैठकीनंतर दोन अ‍ॅडमिनपैकी एक जण ही प्रत काढून संस्थेच्या वेगळ्या साठवणीत ठेवतो. दुसरा अ‍ॅडमिन त्या सॉफ्टवेअरमध्ये लॉगिन नसलेल्या संगणकावर ती उघडतो, त्यातली कोणतीही तीन कार्डे वाचतो, मराठी अक्षरे नीट दिसतात का आणि जोडलेले ड्रॉइंग उघडते का हे पाहतो आणि रजिस्टरमध्ये तारीख लिहून सही करतो. याला वीस मिनिटे लागतात.